चूलबंद आवतण

कात्रीनबाय दुकानात आली की औषधाआधी स्टूल मागायची. माझं मेडिकलचं दुकान वसईत, नंदाखालकडून येणाऱ्या रस्त्यावर, आमच्या आळीच्या तोंडाशी आहे. काउंटरच्या आत स्टूल एकच, आणि तेही माझं. पण पायरी चढायच्या आधीच ती छत्रीचं टोक फरशीवर आपटायची आणि म्हणायची, "नरेश, आधी बसायला दे. गोळ्या काय पळून जाणार आहेत?" मी मुकाट्याने उठायचो. मग ती बसलेली आणि मी उभा, असं दुकान चालायचं. गिऱ्हाईक आलं की तीच विचारायची, "काय होतंय रे?" आणि मी डबी शोधेपर्यंत आल्याचा काढा सांगून मोकळी व्हायची. माझ्या धंद्याची वाट लावायला येतेस का, असं मी एकदा चिडून विचारलं. "तुझा बापही हेच विचारायचा," म्हणाली, आणि छत्री मांडीवर आडवी घेऊन आणखी ऐसपैस बसली.

ही छत्री बारा महिने तिच्या हातात. उन्हाला लागायची, पावसाला लागायची, कुत्र्यांना लागायची, पण सगळ्यात जास्त लागायची ती माणसं दाखवायला. बोट दाखवणं वाईट असतं असं तिला लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती छत्री दाखवायची. समोरून जाणाऱ्या माणसावर भाल्यासारखी छत्री रोखून ती विचारायची, "हा कुठला?" पूर्वी या प्रश्नाला मी काहीतरी उत्तर देऊ शकायचो. अलीकडे मला ते जमेना, आणि तिला मात्र सगळं ठाऊक असायचं.

आम्ही वाडीवाले हिंदू, ती ख्रिस्ती. घर एका बांधाला लागून, पण घरातली बोली दोघांची निराळी. त्यामुळे एकमेकांशी बोलताना आम्ही दोघंही शाळेतली मराठी काढायचो. ती रागावली की मात्र शाळा सुटायची आणि तिची बोली धबाधबा कोसळायची. तेव्हा मला निम्मंच कळायचं, पण ते निम्मंच पुरेसं असायचं.

आळीत काय चाललंय हे कळायला मला कुठल्या सरकारी आकड्यांची गरज पडली नाही. दुकानाची फळी सांगते. माझ्या वडिलांच्या काळी ग्राईप वॉटर आणि टॉनिकच्या बाटल्या पुढच्या फळीवर असायच्या, कारण घरोघरी पाळणा हलत होता. नंतर पोरं शिकली. कोणी बँकेत गेलं, कोणी विमान कंपनीत, कोणी आखातात, आणि तिथून पुढे कॅनडा. बाटल्या मागच्या फळीवर गेल्या. पुढे रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आल्या, मग गुडघ्यांचे पट्टे, मग मोठ्या माणसांचे डायपर. आणि आता गेल्या काही वर्षांत ग्राईप वॉटरची बाटली पुन्हा पुढे आली आहे. फरक एवढाच, की ती मागणाऱ्या बाया धुळ्याच्या, जौनपूरच्या, कोकणातल्या असतात. त्या राहतात आमच्याच आळीत, केळीच्या वाड्या मोडून बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांत.

कात्रीनबाय हे सगळं एका दमात सांगायची. "आधी आळीत केळी पिकायची, मग पगार पिकायला लागला. आता भाडं पिकतंय." यात टोमणा होता का? थोडा होता. पण ती स्वतःला त्यातून वगळायची नाही. तिच्या थोरल्याचा पगार पिकला म्हणून तर त्याला नायगावला टॉवरमध्ये घर घेता आलं. धाकटा कॅनडात. तिने स्वतः केळीची वाडी मोडली नव्हती, पण राखलीही नव्हती. गुडघे गेल्यावर कसली वाडी! मागे चार केळी आपली आपण वाढायची आणि वांदरं खाऊन जायची.

तिचं खरं काम मात्र वेगळं होतं. आमच्या आळीच्या मध्यावर चुन्याने रंगवलेला एक जुना क्रूस आहे. मे महिन्यात त्याचा सण असतो. संध्याकाळी प्रार्थना, आणि त्याआधी दुपारी अख्ख्या आळीचं जेवण. ख्रिस्ती, हिंदू, सगळे एका मांडवात. या जेवणाचं आवतण चूलबंद असतं. म्हणजे त्या दुपारी आळीत कोणी चूल पेटवायची नाही. म्हातारं, तान्हं, आजारी, पाहुणा, सगळ्यांनी क्रुसापाशी जेवायचं. आणि हे आवतण दारातून द्यायचं नसतं. आळीच्या वतीने एक माणूस घरोघर फिरतो, थेट चुलीपाशी जातो आणि घरच्या बाईला सांगतो, "परवा क्रुसाचा सण. चूल बंद ठेवा, सगळ्यांनी या. आणि उद्या कामाला हात पाठवा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ज्या घराला आवतण, त्या घरातून आदल्या दिवशी एका माणसाने कामाला यायचं. कांदा-लसूण सोलायला, नारळ किसायला, टोपं घासायला.

हे काम आधी तिचा नवरा, पास्कूकाका करायचा. तो गेला त्या वर्षी आता कोण फिरणार असा प्रश्न आला. तरणे पुरुष सकाळी कामाला गेले की दिवेलागणीला परत. म्हाताऱ्यांना चालवेना. कात्रीनबाय म्हणाली, "मी जाते." कोणीतरी कुरकुरलं की बाईने आवतण द्यायची पद्धत नाही. "जायचंय कुठे? चुलीपाशीच ना?" ती म्हणाली, "तुमच्या घरात चुलीपाशी कोण असतं, ते मला माहीत आहे." विषय संपला. तेव्हापासून सणाच्या दोन दिवस आधी छत्री घेऊन ती निघायची. कोणाचंही घर असो, ती दारात थांबायची नाही. सरळ आत. नव्या बंगल्यांत स्वयंपाकघर पार मागे गेलं आणि त्याला काचेचं दार आलं, म्हणून ती फार वैतागायची. "चुलीला लपवून ठेवतात मेले," म्हणायची. गॅसच्या शेगडीला ती शेवटपर्यंत चूलच म्हणाली.

एका वर्षी ती नव्हती, तेव्हाची गंमत सांगायलाच हवी. मनगट मोडलं म्हणून थोरल्याने, अंतोनने, तिला नायगावला नेलं होतं. तेव्हा सणाच्या कमिटीचा कारभार विल्सनकडे आला होता. विल्सन म्हणजे कामाचा माणूस. हुशार, हिशेबी, कोणाचं वाईट चिंतणार नाही, पण कुठल्याही गोष्टीला वेळ लागला की याला धीर धरवत नाही. त्याने आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवतण टाकलं. क्रुसाचा फोटो, त्याभोवती गुलाब, खाली चमकणारी अक्षरं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मीही पाठवलं.

सणाच्या दुपारी मी दुकान बंद करून घरी आलो. बायको नवीन साडी नेसून खुर्चीत बसलेली.

"चल ना," मी म्हटलं.

"आवतण कुठे आलंय?"

"अगं, मोबाईलवर आलं की!"

"मोबाईलवर तर कर्ज घ्या म्हणूनही येतं."

मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या घरातली मंडळी नटूनथटून ओट्यावर बसली होती. पलीकडच्या घरातलीही. सगळी एकमेकांकडे बघत होती, उठत कोणीच नव्हतं. चुली बंद, पोटात कावळे, आणि मांडवात केटररची माणसं पंख्याखाली जांभया देत उभी. विल्सन माईकवरून बोलावून बोलावून घामाघूम झाला. शेवटी धावत स्वतःच्या घरी गेला, तर त्याची आईच जागची हललेली नव्हती! "माझ्या चुलीपाशी कोण आलं होतं?" तिने त्याला विचारलं म्हणे. मग तो माणूस भर उन्हात घरोघर पळाला. जेवायला बसलो तेव्हा भाताचा पार गोळामोळा झालेला.

हे मी नायगावला जाऊन कात्रीनबायला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की प्लास्टरमधला हात दुखून कळवळली. डोळे पुसले. मग म्हणाली, "हसू नकोस रे. माझ्यानंतर कोण फिरेल ते सांग." मी औषधांच्या वेळा समजावत बसलो.

अंतोन तिला तिथेच ठेवून घ्यायला बघत होता, आणि मुलगा म्हणून त्याचं चुकत नव्हतं. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, सून चांगली आहे. पण मनगटाचं प्लास्टर सुटल्याबरोबर ही परत. "तिथे दारांना नंबर आहेत," एवढंच कारण तिने मला दिलं. अंतोनशी तिचं काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. जाताना तो मात्र मला म्हणाला, "काका, ती म्हणते आळी आहे तोवर राहणार. आळी राहिली आहे का पण?"

त्याचा प्रश्न पुढच्याच वर्षी कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर आला. क्रुसापाशी खुर्च्या मांडून आम्ही बसलो होतो. किती थोडे होतो, ते खुर्च्यांवरून दिसत होतं. विल्सनने सरळ मांडलं. निम्म्या घरांना कुलपं. उरलेल्यांत एकेक म्हातारं माणूस. आदल्या दिवशी कामाला येतात त्या चार बाया, त्यांचेही गुडघे धड नाहीत. केटररला सांगावं तर त्याचा खर्च वाटून घ्यायला घरं कमी. तेव्हा यंदापासून जेवण बंद. प्रार्थना करू आणि घरोघर एकेक बिर्याणीचं पार्सल देऊ.

तो खोटं सांगत नव्हता.

"पार्सल कुठे बसून खायचं?" कात्रीनबायने विचारलं.

"आपापल्या घरी, मावशी."

"मग सण कोणाचा?"

"तू हात आणून दे, मी जेवण ठेवतो," विल्सन म्हणाला. त्याचाही आवाज जरा चढला होता. "कुठे आहेत हात? दाखव मला."

तिने छत्री उचलली आणि विल्सनच्या बंगल्यामागे रोखली. तिथे त्याच्या बापाच्या वेळी केळी होती, आता खोल्यांच्या दोन रांगा आहेत. दोरीवर कपडे वाळत होते, पोरं पाण्याच्या पिंपाभोवती खेळत होती. "ते काय," ती म्हणाली.

"मावशी, ते भाडेकरू आहेत."

"त्यांच्याकडे चूल पेटते का?"

"पेटते म्हणजे…"

"पेटते की नाही?"

"पेटते."

"मग घर आहे. कुलपाला आवतण देत नाहीत विल्सन, पेटत्या चुलीला देतात. माझा नवराही कुलपं सोडूनच फिरायचा." मग ती उठून उभी राहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे जेवण बंद झालं की आळी नुसता पत्ता उरेल. तेवढ्यासाठी मी इथे एकटी राहू होय? मग जाते नायगावला."

ती असं काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मला भीतीच वाटली, खरं सांगतो. कारण ती बोलली की करायची. जेवण बंद करायचा विषय त्या दिवशी तिथेच राहिला.

सणाच्या दोन दिवस आधी ती फिरली. आधी आमची घरं, आणि मग सरळ विल्सनच्या खोल्या. मी तिच्यासोबत होतो. उन्हाने भोवळ येऊन पडली तर उचलायला कोणी हवं, म्हणून बायकोने मला पाठवलं होतं. पहिल्याच खोलीपाशी ती थबकली आणि हसली. एकच खोली, आणि दारालाच लागून ओटा, ओट्यावर शेगडी. "हे बरं," मला म्हणाली, "यांची चूल बाहेर येऊन उभी आहे. आत जायलाच नको."

तिथे सुनीता भाकरी थापत होती. ही मूळची धुळ्याकडची, वसई पूर्वेला एका कंपनीत पॅकिंगला जाते. नवरा माणिकपूरला रिक्षा चालवतो. लहान पोरगी आहे, तिच्या पोटदुखीच्या बाटल्या माझ्याकडून जातात. कात्रीनबायने नेहमीचं वाक्य नेहमीसारखंच म्हटलं. चूल बंद ठेवा, सगळ्यांनी या, उद्या हात पाठवा. सुनीता पिठाच्या हातांनी उभीच राहिली. "आम्हाला?" तिने विचारलं. "आजी, आम्ही तर भाड्याने राहतो."

"भाडं विल्सनला देतेस, मला नाही. येतेस की नाही?"

पुढच्या खोल्यांत तिने हिंदी काढली. ती हिंदी ऐकायला पैसे द्यावेत! "परसों चूल्हा बंद. सबने आने का. और कल काम को एक आदमी भेजने का." एक घाबरलेली बाई म्हणाली, "मालिक ने बोला क्या?" कात्रीनबाय खवळली. "मालिक कौन? मैं बोलती!" बाईने पदर डोक्यावर घेऊन मान हलवली. तिला आमंत्रण मिळालं की दम, हे तिचं तिलाच ठाऊक.

विल्सन तासाभरात माझ्या दुकानात हजर. ती स्टुलावर पाणी पीत होती. "मावशी, तू काय केलंस हे? आज जेवायला बोलावलंस, उद्या म्हणतील आम्ही इथलेच. करार अकरा महिन्यांचे असतात, माहीत आहे ना?" मला त्याचं म्हणणं समजत होतं. त्याच्या घराचं सगळं आता त्या भाड्यावर चालतं, आणि माणसाचं जिथून चालतं तिथे तो घाबरतोच. कात्रीनबायने ग्लास खाली ठेवला. "इथलेच म्हणाले तर म्हणू देत. तुझी पोरं तर इथली म्हणायला तयार नाहीत." हे त्याच्या वर्मी लागलं. त्याची मुलगी नुकतीच परदेशी गेली होती. तो तसाच निघून गेला, आणि कात्रीनबायलाही ते बोलल्याचं नंतर वाईट वाटलं असावं, कारण तिने त्या दिवशी गोळ्या न घेताच घर गाठलं.

दुसरा दिवस उजाडला. शनिवार. भल्या सकाळीच क्रुसापाशी टोपं आली, कांद्या-लसणाची पोती आली, नारळांचा ढीग पडला. आणि दुपारी कामाला माणसं? त्याच चार बाया आणि कात्रीनबाय. खोल्यांना कुलपं. पोरं तेवढी मांडवाच्या दोऱ्यांना लोंबकळत होती. ऊन कलायला लागलं तरी कोणी फिरकेना. विल्सन बाजूला खुर्ची टाकून बसला होता. त्याने केटररला तयार राहायला सांगितलंय हे मला माहीत होतं. कात्रीनबाय मान खाली घालून लसूण सोलत राहिली. तिच्याकडे मला बघवेना. मी उगाच दुकानात जाऊन परत आलो.

दिवेलागणीला सुनीता आली. कंपनीतून सरळ, खांद्याला पर्स तशीच, आणि हातात मोठा डबा. मागे आणखी दोघीतिघी, त्यांच्याही हातात डबे. सकाळी कामाला जाताना त्या क्रुसापासचे नारळ आणि लसूण घेऊन गेल्या होत्या, आणि जेवणाच्या सुटीत बसून जमेल तेवढं किसून-सोलून आणलं होतं. आम्ही सगळे खूश झालो. कात्रीनबाय मात्र डब्यात डोकावली आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "मी हात मागितले होते. डबे नव्हते मागितले. काम इथे बसून करायचं असतं."

मला वाटलं, झालं! आता या बाया तोंड फिरवून जाणार. पण सुनीता शांतपणे पर्स खांद्यावरून काढत म्हणाली, "आजी, दिवसा हात कंपनीचे असतात. संध्याकाळचे तुमचे. सांगा, कुठे बसू?"

कात्रीनबाय चटईवर बाजूला सरकली. "इथे बस," म्हणाली, "आणि कांदा घे, लसणाला मी आहे." त्यानंतर एकेक करत माणसं येत गेली. कोणी पॉवरलूमवरून, कोणी रिक्षा लावून, कोणी टॉवरमधली धुणीभांडी आटोपून. खोल्यांमधले तीन-चार पुरुष टोपं घासायला बसले. माझी बायको, जी आवतणाशिवाय जागची हलत नाही, ती त्या घाबरलेल्या बाईला नारळ फोडायची आमची रीत शिकवत होती, आणि ती बाई तिला आपली. विल्सनने फोन काढून लांब जाऊन काहीतरी बोलून घेतलं. केटररला नको म्हणून सांगितलं असणार. परत आल्यावर तोही विळी ओढून बसला.

आणि रविवारी जेवण कमी पडलं. मी इतक्या वर्षांत ते पाहिलं नव्हतं. दरवर्षी भात उरायचा आणि गाईंना जायचा. यंदा शेवटच्या पंगतीला टोप खरवडलं गेलं. विल्सन स्कूटर काढून बेकरीकडे सुटला आणि हँडलला दोन्हीकडे पावाच्या पिशव्या लटकवून आला. शेवटच्या पंगतीने रस्सा पावाबरोबर खाल्ला. त्यात कात्रीनबायही होती. पुढचा महिनाभर माझ्या स्टुलावर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होती, "यंदा कमी पडलं, बरं का! कमी पडलं!" जसं काही तिच्या पोराला पहिला नंबर मिळालाय. तिला इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला माझाही आनंद लपवता येत नव्हता.

त्या पावसाळ्यानंतर तिचे पाय सुजायला लागले. छातीत पाणी होतं. अंतोनने तिला नायगावला नेलं, पण या वेळी ती मनाने तिथे राहिलीच नाही. डॉक्टरांनी फार आशा दिली नाही तेव्हा तिने हट्ट धरला, आणि त्याने तिला आळीत परत आणलं. रोज संध्याकाळी तो येऊन झोपायचा. दिवसा एक बाई बसायची. जेवण सून डब्यातून पाठवायची. तिला आता अन्न ते किती लागणार! मी सकाळ-दुपार रक्तदाब बघायला जायचो. ती स्टूल मागायची नाही म्हणून मला चुकल्यासारखं व्हायचं.

मे आला. विल्सन तिच्याकडे विचारायला गेला तेव्हा मी तिथेच होतो. "मावशी, यंदा आवतणाला कोण?"

"सुनीता," ती म्हणाली.

विल्सन हळूच म्हणाला, "तिचा करार संपत आलाय. किती महिने राहील, काय सांगावं?"

"माझे तरी किती राहिलेत?"

त्याने पुढे वाद घातला नाही. उलट त्या वर्षी सुनीताचा करार त्याने न मागता वाढवला, हे मला नंतर कळलं.

सुनीताने कंपनीतून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि अख्खी आळी फिरली. माझ्या घरी ती थेट चुलीपाशी गेली, आणि बायकोने विचारलं की घाबरली नाहीस ना, तर म्हणाली, "घाबरले. पण आजीने सांगितलंय, दारात थांबलीस तर मार खाशील." विल्सनच्या बंगल्यात ती काचेचं दार ढकलून पार मागे गेली. घरमालकाच्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. विल्सनच्या आईने तिला बसवून सरबत दिलं.

सगळी घरं झाल्यावर ती कात्रीनबायकडे आली. मी रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा कात्रीनबायच्या दंडाला गुंडाळत होतो. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की आवतण देणारीच्या घरी आवतण द्यायला कधी कोणी आलंच नसेल. पास्कूकाका गेल्यापासून या घरात ते वाक्य कोणी म्हटलं नव्हतं.

सुनीता आत आली, आम्हाला ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. ओटा पुसून कोरडा ठणठणीत होता. शेगडीवर वर्तमानपत्र अंथरलेलं. कित्येक महिने तिथे काही शिजलं नव्हतं. सुनीताने वळून माझ्याकडे पाहिलं. पेटत्या चुलीलाच आवतण, हा नियम तिला आता आमच्याइतकाच ठाऊक होता. कात्रीनबायनेही डोळे उघडून तिकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

सुनीताने वर्तमानपत्र उचललं, घडी करून बाजूला ठेवलं. सिलिंडरची कळ फिरवली. काडी ओढली. पहिली विझली, दुसरीने शेगडी पेटली. मग तिने पातेलं शोधलं, पाणी ठेवलं, डबे उघडून उघडून साखर आणि चहाची पूड काढली. ज्वाळेचा आवाज पलंगापर्यंत येत होता. सगळं झाल्यावर शेगडीपाशी ताठ उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "आजी, परवा क्रुसाचा सण. चूल बंद ठेवा. सगळ्यांनी या."

हात पाठवायचं तेवढं तिने म्हटलं नाही.

कात्रीनबायच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरलं. तिने ते पुसलं नाही. "चहा उतू जातोय तो बघ आधी," ती म्हणाली.

सुनीताने धावत जाऊन आच कमी केली. आम्ही तिला उशीला टेकवून बसवलं. सुनीताने बशी धरली आणि ती घोट घोट करत चहा प्यायली. जरा कडक झाला होता, पण तिने नाव ठेवलं नाही. अर्धा चहा झाल्यावर तिने बशी हाताने दूर केली आणि स्वयंपाकघराकडे मान वळवली. पातेल्याखाली बारीक आच अजून चालूच होती.

"आता बंद कर," ती सुनीताला म्हणाली.